आधी घराचा ओव्हर दे

काकू, जय ख्रिस्त.

मी ३१ वर्षांची, मिरजेत राहते. सर्जिकल वॉर्डात सात वर्षं स्टाफ नर्स आहे. आजी इथल्याच मिशन हॉस्पिटलात शिकलेली, आत्या नर्स, आता मी. गेल्या वर्षी कोणाला न सांगता मर्सी शिप्स या संस्थेकडे अर्ज केला होता. त्यांचं 'ग्लोबल मर्सी' नावाचं जहाज म्हणजे तरंगतं हॉस्पिटल आहे, ते पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात असतं. दहा महिन्यांसाठी माझी निवड झाली आहे.

आता अडचण. तिथे पगार नसतो. उलट राहण्याजेवणाचे पैसे दर महिन्याला आपणच भरायचे, शिवाय तिकीट, विमा, लशी. माझी शिल्लक अर्ध्यालाही पुरत नाही. पाळक म्हणतात, मंडळीपुढे मांड, लोक देतील. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे पैसे हातात खेळवले, पण कोणापुढे हात पसरला नाही. आता तुझ्या सेवेसाठी पसरू?" त्यांना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं, मागच्या वर्षी अंगठ्याची जखम चार महिने चालली. सुई मीच देते. आईला सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. भाऊ पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. आईचं वेगळंच. जहाज म्हटलं की तिला वादळ दिसतं, आणि कोल्हापूरचं एक स्थळ आलंय ते हातचं जाईल असं वाटतं.

आणि एक, जे पाळकांनाही सांगितलेलं नाही. हे खरंच देवाचं पाचारण आहे, की मी वॉर्डाला कंटाळून पळतेय? मला कळत नाही. जाऊ का? आणि गेले तर काय काय नेऊ?

– एक परिचारिका, मिरज

•

पोरी, जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा काकू म्हणून आणि एकदा जुनी सिस्टर म्हणून. हे उत्तर सिस्टरचं आहे. काकूला विचारशील तर ती अजून डोळे पुसतेय.

जा. पण आधी घराचा ओव्हर दे.

आपल्या धंद्यातल्या नसलेल्या वाचकांसाठी सांगते. ड्युटी संपवून घरी जाणारी नर्स येणारीला 'ओव्हर' देते. तीन नंबरचं सलाईन किती उरलं, सातच्या ड्रेनमध्ये काय आलं, अकराच्या बायकोला डॉक्टरांनी अजून खरं सांगितलेलं नाही, हे सगळं खाटेशी उभं राहून सांगायचं आणि मग पर्स उचलायची. ओव्हर न देता निघून गेलेली नर्स दिवसभर कितीही राबलेली असो, वॉर्ड तिला माफ करत नाही.

मी १९८९ साली आफ्रिकेतल्या मलावीला गेले, तेव्हा नेमकी अशीच, घराचा ओव्हर न देता निघाले होते. वय सत्तावीस. झोंबाच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षांची नेमणूक. तीन आठवडे नुसती ट्रंक भरत होते. साड्या, मसाला, गीतांचं पुस्तक, दोन स्टेथोस्कोप. वडिलांचं मात्र फलाटावर उभ्या उभ्या भावाला एका वाक्यात सांगितलं, "दादांच्या गोळ्या कपाटात आहेत." घरचं पहिलं पत्र एकोणीस दिवसांनी पोचलं. त्यात खुशाली दोन ओळींची, आणि खाली भावाच्या अक्षरात एवढंच: "ती पांढरी गोळी कुठली? दोन्ही पांढऱ्याच आहेत." एक रक्तदाबाची होती, एक लघवी साफ होण्याची. माझं उत्तर घरी पोचायला पुन्हा तेवढेच दिवस. तोवर दादांनी एक दिवसाआड आपल्या मर्जीने घेतल्या. काही झालं नाही. पण ते त्यांचं नशीब. मी तिथे दुसऱ्यांच्या वडिलांचे तक्ते सुवाच्य अक्षरात भरत बसले होते.

म्हणून तुझ्या घराचं आधी. निघायला किती महिने आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, पण शेवटचे दोन महिने बाबांच्या सुईला तू हात लावायचा नाहीस. भावाने शनिवार-रविवारी यायचं, बाकीचे दिवस आईने द्यायची, आणि तू दारात हात मागे बांधून उभी राहायचं. चुकलं तर बोलायचं, हातातून घ्यायचं नाही. विद्यार्थिनींना शिकवताना आपण हेच करतो ना? रेघा दिसत नसतील तर डॉक्टरांना इन्सुलिनच्या पेनबद्दल विचार. त्यात आकडा फिरवावा लागतो, टकटक ऐकू येते, आईचे कान तर शाबूत आहेत. हे तुला माहीत नाही असं नाही. पण आपल्या घरात आपण नर्स नसतो, लेक असतो, आणि लेकीला वाटतं मी आहे तोवर कशाला.

एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव. औषधं, वेळा, डॉक्टरांचा नंबर, रात्री दोन वाजता येईल अशा रिक्षावाल्याचा नंबर. पाय रोज कोणी बघायचा तेही लिही. बोटांच्या बेचक्या, टाच, नख. साखर घसरल्याची खूण काय आणि लगेच काय द्यायचं, हे आईच्या शब्दांत लिही, आपल्या नव्हे. तुझी आई 'हायपो' म्हणणार नाही, 'घाम सुटून भ्रमल्यासारखं' म्हणेल. तसंच लिही.

रोज फोन करू नकोस. ऐकायला कठोर वाटेल, पण रोज फोन करणारी मुलगी घर सोडून गेलेली नसते आणि तिथे पोचलेलीही नसते. सिएरा लिओनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बाबांची संध्याकाळी साडेसातची सुई म्हणजे तुझ्याकडचे दुपारचे दोन. आठवड्यातून एक दिवस त्या वेळेला व्हिडिओवर बस, सुई होताना बघ, आणि पाय कॅमेऱ्यासमोर धरायला सांग. बाकीच्या दिवशी निरोप पुरे.

आता पैशाचं. इथे मला बरंच बोलायचंय.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. फुकट राबायचं आणि वर राबण्याचे पैसेही भरायचे, हे ऐकून कुठल्याही कष्टाच्या माणसाचं डोकं फिरेल. संस्थेचा हिशेब असा, की जहाजावरचे सर्जन, नर्स, स्वयंपाकी, नळ दुरुस्त करणारे, बहुतेक सगळेच आपापल्या जेवणाराहण्याचा भार उचलतात, म्हणजे देणगी रुग्णावर खर्च होते. हिशेब खरा आहे. पण माझं मत विचारशील तर या रीतीत एक खोट आहेच. नॉर्वेच्या नर्सला जे जमतं ते मिरजेच्या नर्सला जमत नाही. सेवा करण्याची ऐपत नावाचीही एक गोष्ट असते आणि ती जगात सारखी वाटलेली नाही. हे डोळ्यांआड करून जाऊ नकोस. तिथे कोणी सहज म्हणेल, "मी माझ्या बचतीतून आले." तेव्हा आपण मंडळीच्या पैशावर आलोय म्हणून खाली बघू नकोस.

मागण्यात लाज नाही. हिशेब न देण्यात आहे. तुझी आजी ज्या मिशन हॉस्पिटलात शिकली, ते डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलं. अशी हॉस्पिटलं समुद्रापलीकडच्या मंडळ्यांनी पिशवीत टाकलेल्या पैशांवर चालली. तिकडच्या कोणा म्हातारीने मिरज नकाशात कुठे आहे हे माहीत नसताना नाणं टाकलं असेल, तेव्हा तुझी आजी नर्स झाली. आणि आपल्या पंडिता रमाबाई? १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, गावोगाव बोलल्या, सरळ मागितलं. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाने मंडळ निघालं, दहा वर्षं मदत देण्याचं ठरलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं. दहा वर्षं भरल्यावर, १८९८ मध्ये, बाई परत अमेरिकेला गेल्या आणि देणाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. एवढ्या मानी बाईला मागताना कमीपणा वाटला नाही, कारण परत जाऊन तोंड दाखवायची तयारी होती.

तेव्हा असं कर. निराळं बचत खातं उघड, त्यात पगाराचा एक रुपयाही घालू नकोस. शंभर पानी वही घे. आणि ती वही बाबांच्या हातात दे.

हसू नकोस. तीस वर्षं कंडक्टर म्हणजे काय? रोज रात्री डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, जुळवल्याशिवाय जो घरी आला नाही, चार आणे कमी पडले तर ज्याने खिशातून भरले, तो माणूस. तुझ्या सगळ्या मंडळीत त्याच्याइतका खात्रीचा खजिनदार सापडणार नाही. त्यांना हात पसरायला सांगू नकोस, तिकीट फाडायला सांग. पन्नास रुपये देणाऱ्यालाही पावती, पाच हजारवाल्यालाही पावती, अक्षर दोघांना एकाच आकाराचं. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर बाबांनी उभं राहून वाचायचं: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. मला वाटतं त्यांना डाचतंय ते मागणं नाही. पोरगी एवढा मोठा घाट घालतेय आणि त्यात आपलं काम फक्त सुई टोचून घेण्याचं, हे डाचतंय.

अंदाज काढताना परत आल्यावरचे तीन महिने धर. सगळे जाण्याचे पैसे मोजतात, परतून नोकरी लागेपर्यंत काय खायचं ते मोजत नाहीत. जमलं तर बिनपगारी रजा माग आणि मिळाली तर लेखी घे. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत मधेच संपत नाही ना ते बघ. आईच्या पाटल्या गहाण ठेवायच्या नाहीत, प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा नाही. जमले नाहीत तर सहा महिने उशिरा जा. संस्थेला तसं कळव, जगबुडी होत नाही.

आणि कोणी गरीब माणूस देईल त्याला नको म्हणू नकोस. माझ्या वेळी आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंनी पदराची गाठ सोडून अकरा रुपये काढले होते. दहाची नोट सुरळी करून, वर एक रुपया. मी मोठ्या मनाने म्हटलं, "राहू द्या मावशी, तुम्हाला लागतील." त्या अशा काही भडकल्या! "माझे पैसे देवाला चालतात आणि तुला चालत नाहीत व्हय?" ते अकरा रुपये मी घेतले. दोन वर्षांत जेव्हा जेव्हा घरी जावंसं वाटलं, तेव्हा त्या नोटेची सुरळी आठवली. पाच हजारांचे चेक दिले त्यांची नावं आता वहीत बघावी लागतील.

आता तुझा तो पाळकांपासून लपवलेला प्रश्न. पाचारण की पळ?

दोन्ही असेल. माझं दोन्ही होतं. आमच्या मेट्रनचं तोंड दोन वर्षं बघावं लागणार नाही, हा आनंद माझ्या सेवाभावात चांगला पावशेर मिसळलेला होता. जखमेला फरक पडला नाही. शुद्ध हेतूची वाट बघत बसलं असतं तर जगातलं एकही मिशन हॉस्पिटल उघडलं नसतं.

पण एक परीक्षा आहे, ती स्वतःची स्वतः घे. तुझ्या वॉर्डात या आठवड्यात असा एक पेशंट असेलच, जो सारखी बेल वाजवतो, ज्याचे नातेवाईक भांडतात, ज्याच्या खाटेकडे जाताना पाय जड होतात. त्याच्याकडे निघायच्या दिवसापर्यंत नीट जाता येतं का बघ. येत असेल तर फ्रीटाऊनमध्येही जमेल. तिथे गेल्यावर माया आपोआप फुटेल अशा भरवशावर मात्र जाऊ नकोस. तिथलाही चौदा नंबरचा पेशंट बेल वाजवतोच, फक्त वेगळ्या भाषेत. आणि तू खरोखरच थकली असशील, म्हणजे रडू येतंय, झोप नाही, सुट्टी घेऊनही अंग हलकं होत नाही, तर आधी इथेच महिनाभर रजा घे आणि डॉक्टरांशी बोल. थकलेल्या नर्सला बोटीवर चढवून बरं वाटत नाही. तिथे शिफ्ट संपली तरी माणूस त्याच जहाजावर असतो. वॉर्ड, मेस, केबिन, सगळं एका लोखंडी पेटीत. दार आपटून घरी जायची सोय नाही. केबिनमध्येही एकटी नसशील, साठेक देशांतल्या माणसांचं जहाज ते. तुझ्यासोबतची बाई पहाटे चारला उठून केस वाळवणारी निघाली तर देवाची इच्छा.

तिथे काम काय, ते तुला त्यांनी कळवलंच असेल. आईबाबांना मात्र नीट सांग. १७४ मीटर लांबीचं जहाज, सहा ऑपरेशन थिएटर, १९९ खाटा. आणि मुख्य म्हणजे ऑपरेशनं चालू असताना ते बंदरात बांधून ठेवलेलं असतं. आईच्या डोळ्यांसमोरचं वादळ ते भरसमुद्रातलं. तुझी बोट मिरज जंक्शनवर उभ्या केलेल्या गाडीसारखी धक्क्याला उभी राहणार. एवढ्या एका वाक्याने तिची निम्मी झोप परत येईल.

रुग्ण येतील ते असे, की आपल्याकडे सात वर्षांत तू एखादाच पाहिला असशील. जबड्याची गाठ. कर्करोगाची नव्हे, साधी, पण काढणारा सर्जनच नाही म्हणून पंधरा वर्षं वाढत राहिलेली, इतकी की खाणं आणि श्वास दोन्ही अडायला लागलेत. भाजल्यावर छातीला चिकटलेली मान. वाकड्या पायांची पोरं. अडलेल्या बाळंतपणात फाटून सतत लघवी गळणारी बाई, नवऱ्याने टाकलेली. यातले कितीतरी जण तोंडावर फडकं ओढून येतात. तेव्हा तुझं पहिलं काम ड्रेसिंग नव्हे. फडकं बाजूला झाल्यावर नजर न हलवता, त्या डोळ्यांत बघून, नाव विचारणं. आरशासमोर सराव करून हे येत नाही, पण आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटांनी तुझी तयारी करून घेतलेली आहे. तंबाखूचं हे पीक आपल्याकडे काही कमी नाही.

तिथल्या लोकांची कीव करत जाऊ नकोस. त्या देशाने १९९१ ते २००२ यादवी पाहिली. मग २०१४ मध्ये इबोला आला, त्यात त्यांचे दोनशेहून जास्त डॉक्टर, नर्सेस आणि दवाखान्यांतली माणसं गेली. तिथल्या केनेमा शहरातले डॉक्टर शेख उमर खान रुग्ण तपासता तपासता आजारी पडले आणि जुलै २०१४ मध्ये वारले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रीटाऊनच्या वरचा डोंगर पावसात खचून घरांवर आला. माळीण पाहिलेल्या आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा जहाजावर जी स्थानिक बाई दुभाषी म्हणून किंवा वॉर्डात मदतीला तुझ्या शेजारी उभी असेल, तिने काय काय बघून ती तिथे पोचलीय हे तुला माहीत नसेल. पहिला महिना तिच्याकडून ओव्हर घे. शिकवायचं असेल ते दुसऱ्या महिन्यापासून.

आणि इथले नातेवाईक "तिकडे काळ्या लोकांत" वगैरे म्हणतील, तेव्हा तिथल्या तिथे तोंड बंद कर. मी तेव्हा हसून सोडून दिलं, त्याची मला अजून लाज वाटते. आपल्याच घरात सावळ्या मुलीला हळद चोळणारे लोक आपण. मुलांबरोबरचे फोटोही टाकत बसू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटचा तोंड सुजलेला फोटो सांगलीच्या मुलीने स्टेटसला ठेवला तर तू काय करशील? तोच नियम तिथे.

भाषा थोडी आधीच शिकून घे. कारभार इंग्रजीत, पण माणसं बोलतात क्रिओ, शिवाय मेंडे आणि टेम्ने. क्रिओत सकाळी विचारतात, "हाऊ दी बॉडी?" म्हणजे अंग कसं आहे. उत्तर, "दी बॉडी फाइन." मलावीत आम्ही विचारायचो, "म्वाझुका ब्वांजी?" झोपेतून बरी उठलीस ना? हे विचारल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, रुग्ण कितीही गंभीर असो. सुरुवातीला मी वैतागायचे, घड्याळ बघायचे. परत आल्यावर इथल्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी "झोप लागली का?" विचारत फिरायला लागले तेव्हा नवी मेट्रन वैतागली.

काय न्यायचं ते आता भराभर सांगते. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस आधी. ही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. मुंबईत बंदराच्या आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांत आहे. पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवायचं. ते हरवलं तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर, आणि खरी मेख अशी की परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात. घरी आल्यावर आईच्या हातचं खाऊन माणूस गोळ्या विसरतो. परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य, "मी पश्चिम आफ्रिकेतून आलेय." आपले डॉक्टर डेंग्यू शोधत बसतील आणि तो फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा हिवताप निघेल. हिपॅटायटिस बीची प्रतिकारशक्ती मोजून घे, नर्स आहेस, सुई टोचल्यावर मोजण्यात अर्थ नाही.

खाण्याचं ओझं नेऊ नकोस. केबिनमध्ये शेगडी पेटवता येत नाही, त्यामुळे डाळ-मसाला नेऊन वास घेत बसशील. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट ने, ज्याला शेगडी लागत नाही. फ्रीटाऊनमध्ये लोक भात खातात, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर किंवा कसाव्याच्या पाल्याच्या भाजीबरोबर. कोकणात सासर असलेल्या बाईला तिथे फार परकं वाटू नये, पाऊसही तसाच. आणि सिंधी व्यापारी त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा हिंग संपला तर रडू नकोस. कपड्यांचं संस्था सांगेल. माझ्या वेळी मलावीत राष्ट्राध्यक्ष बांडांनी बायकांना पँट घालायलाच कायद्याने बंदी केली होती. बरोबरच्या स्कॉटिश मुलीने विमानतळावर घाईघाईने लुगड्यासारखं कापड गुंडाळलं, आणि माझी पाचवारी दिमाखात बाहेर पडली.

स्थळाबद्दल मी फार लिहिणार नाही. मुलाला तू स्वतः फोन कर, आईला मधे न घेता. दहा महिने काय करणार आहेस ते सांग आणि तो पुढे काय विचारतो ते ऐक. "पगार किती?" हा पहिला प्रश्न आला तर तुला कळेल.

परत येशील तेव्हाचं आत्ता सांगून उपयोग नाही, पण वहीत लिहून ठेव. लोक विचारतील, "तिकडे साप होते का?" तू सांगायला लागशील आणि दोन मिनिटांत कोणीतरी चहा आणेल, विषय बदलेल. मंडळीत साक्ष द्यायला उभी करतील, पंधरा मिनिटं, तिथे सगळे मान डोलावतील. तरी एक माणूस आत्ताच हेरून ठेव, जो शनिवारी दुपारी दोन तास बसून ऐकेल. मला असं कोणी नव्हतं. मी सगळं आमच्या आयाबाईंना भांडी पुसता पुसता सांगितलं. अकरा रुपयांत त्यांना ते मिळायलाच हवं होतं.

आणि हो, सिएरा लिओनचा विमानतळ शहरात नाही. खाडीच्या पलीकडे आहे, तिथून बहुतेक लोक बोटीने फ्रीटाऊनला येतात. पासपोर्ट आणि पिवळं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी ठेव, आणि या बोटीचं आईला आधीच सांगून टाक, नंतर कळलं तर बिनसेल. त्या विमानतळाच्या गावाचं नाव लुंगी आहे. हे बाबांना मात्र तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, काकू चेष्टा करतेय.

– काकू